नंबर आणि नजर : मोबाइलवरील दृष्टितपासणीविषयी



साहित्य सभेच्या वार्षिक व्याख्यानमालेत एका होमिओपॅथिक डॉक्टरने डोळ्यांच्या तपासणीवर बोलावे, हे कोणाला थोडे विषयांतर वाटेल. मला तसे वाटत नाही. साहित्य सभेचा सगळा संसार डोळ्यांवर चालतो. ग्रंथालय, वाचककट्टा, दिवाळी अंक, ही पुस्तिकासुद्धा. इंदूरच्या मराठी घरांत होळकरांच्या काळापासून पिढ्यान्‌पिढ्या जी भाषा टिकली, ती बोलण्याने टिकली तेवढीच वाचण्याने टिकली. घराबाहेर हिंदी आणि घरात मराठी अशा गावात आजी-आजोबांची पोथी, वडिलांचा मासिकांचा गठ्ठा आणि मुलांना वाचून दाखवलेली गोष्ट हेच भाषेचे खरे शाळामास्तर असतात. अशा घरात एखाद्याचे वाचन थांबते तेव्हा एका माणसाची करमणूकच थांबते असे नाही, पुढच्या पिढीच्या कानावर पडणारी मराठीही तेवढी कमी होते.

मी नेत्रतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगतो. मी बी.एच.एम.एस. आहे. आमच्यासारख्या गल्लीतल्या डॉक्टरकडे माणसे डोळ्यांसाठी येत नाहीत, गुडघ्यासाठी, खोकल्यासाठी, झोपेसाठी येतात आणि बोलता बोलता सांगतात, "डॉक्टरसाहेब, हल्ली वाचायचा कंटाळा येतो." या कंटाळ्यामागे पुष्कळदा डोळा असतो. तो ओळखून योग्य ठिकाणी पाठवणे एवढेच माझे काम. गेल्या काही वर्षांत या ओळखण्याच्या कामाला एक नवे साधन मिळाले आहे आणि ते तुमच्या-माझ्या खिशात आहे. त्याने काय होते, काय होत नाही, आणि आपल्या घरात त्याचा उपयोग कसा करावा, हे आज सांगायचे आहे.

अरुंधतीपासून स्नेलेनपर्यंत

दृष्टी तपासण्याचे एक फार जुने साधन आपल्या लग्नविधीत आहे. सप्तर्षींतला वसिष्ठ आणि त्याच्या शेजारची मंद अरुंधती. अरब लोकही ही जोडी नजरेची कसोटी म्हणून वापरत. या दोन ताऱ्यांत अंशाचा सुमारे पाचवा भाग, म्हणजे बारा कला एवढे अंतर दिसते. निरोगी डोळा एका कलेएवढे अंतर वेगळे ओळखू शकतो. म्हणजे अंतराच्या दृष्टीने अरुंधती अवघड नाही. अवघड आहे तिचा मंदपणा. आज राजवाड्याजवळच्या गच्चीवर उभे राहून ती दिसत नसेल, तर दोष डोळ्यांचा असेल किंवा रस्त्यावरच्या दिव्यांचा. बारीक ओळखणे आणि फिके ओळखणे या दोन निराळ्या शक्ती आहेत, हे इथेच लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

भिंतीवरचा अक्षरतक्ता आला तो १८६२ मध्ये. हॉलंडमधील उत्रेख्त येथील हर्मन स्नेलेन या डॉक्टरांनी तो केला. सहा मीटरवरून डोळ्याशी पाच कलांचा कोन करील एवढे अक्षर घ्यायचे. त्याची उंची सुमारे पावणेनऊ मिलिमीटर येते. ते वाचता आले तर दृष्टी ६/६. निरोगी माणूस जे साठ मीटरवरून वाचतो ते तुम्हाला सहा मीटरवर यावे लागले, तर ६/६०. हा काही शेकडा गुणांचा हिशेब नाही. ६/१२ म्हणजे अर्धा आंधळा नव्हे. बारा मीटरवरचे अक्षर सहा मीटरवर येऊन वाचावे लागते, एवढाच त्याचा अर्थ. आणि चष्म्याचा नंबर ही आणखी तिसरीच गोष्ट. नंबर सांगतो भिंग किती हवे. ६/६ सांगते की भिंग लावून किंवा न लावता दिसते किती. या दोन्हींची गल्लत आपल्या घरांत रोज होते.

स्नेलेनच्या तक्त्याचे दोन दोष पहिल्यापासून माहीत होते. एक, त्याला लांब खोली आणि चांगला उजेड लागतो. दुसरा अधिक खोडकर. तक्ता पाठ होतो. शाळेत रांगेत उभी असलेली मुले पुढच्याचे उत्तर ऐकून तेच म्हणतात. चष्म्याच्या दुकानातले कार्डही वर्षानुवर्षे तेच असते. अशा वेळी आपण डोळा तपासत नसतो, स्मरणशक्ती तपासत असतो.

नाशिकच्या माणसाचे 'नेत्र'

फोनचा उपयोग इथे सुरू होतो, आणि त्याच्या आरंभीच एक मराठी नाव भेटते. नाशिकमध्ये जन्मलेले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये 'कॅमेरा कल्चर' हा संशोधनगट चालवत. २०१० मध्ये व्हिटर पाम्प्लोना, अंकित मोहन, मॅन्युएल ऑलिव्हेरा आणि रासकर यांनी मोबाइलच्या पडद्यावर लावायचा एक छोटा जोडभाग लोकांसमोर ठेवला. इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून त्याचे नाव झाले 'नेत्र'. त्या वेळी या जोडभागाचा खर्च दोन डॉलरच्या आसपास येईल असे सांगितले गेले. दवाखान्यातील नंबर काढणारे यंत्र मात्र लाखांच्या घरातले असते.

त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. मोठे यंत्र डोळ्यात प्रकाश सोडते आणि परत आलेला प्रकाश कॅमेऱ्याने मोजते. यांनी ते उलटे केले. जोडभागातून पाहणाऱ्याला दोन रेघा दिसतात, एक लाल आणि एक हिरवी. त्यांचे किरण बाहुलीच्या निरनिराळ्या भागांतून आत जातात. डोळा निर्दोष असेल तर पडद्यावर त्या एकमेकींवर बसतात. दोष असेल तर बाजूला पडतात. माणूस बटणे दाबून त्या रेघा जुळवतो. किती सरकवाव्या लागल्या, यावरून नंबर निघतो. रेघांची दिशा फिरवून हेच पुन्हा केले की तिरकस, म्हणजे सिलिंड्रिकल नंबरही कळतो. मोबाइलच्या पडद्यावरचे ठिपके पुरेसे बारीक झाले म्हणून हे शक्य झाले. मोजण्याचे काम रुग्णाच्याच हाती आले. रासकरांना २०१६ मध्ये पाच लाख डॉलरचे लेमेल्सन-एमआयटी पारितोषिक मिळाले. २०१५ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकमध्ये तरुणांना एकत्र आणून 'कुंभथॉन' उभे करणारे ते हेच.

पण एक मर्यादा लगेच सांगायला हवी. लहान आणि तरुण डोळा फार लवचीक असतो. जवळ काही पाहायचे आहे असे वाटताच तो आपले भिंग ताणतो आणि नसलेला उणे नंबर दाखवतो. म्हणूनच नेत्रतज्ज्ञ मुलांच्या डोळ्यांत थेंब घालून, ती ओढाताण थांबवून मग नंबर काढतात. मुलाचा चष्मा फोनवरच्या किंवा दुकानातल्या आकड्यावरून करू नये, याचे कारण हे.

केनियातील शाळा आणि पुणे जिल्ह्यातील शाळा

दुसरे साधन नंबर काढत नाही, दिसते किती ते मोजते. इंग्लंडचे नेत्रतज्ज्ञ अँड्र्यू बॅस्टॉरस केनियातील नाकुरू भागात कुटुंबासह राहून काम करत होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 'पीक' नावाचे ॲप केले. पडद्यावर इंग्रजी ई हे अक्षर चार दिशांपैकी एकीकडे तोंड करून उभे राहते. समोरचा माणूस बोटाने दिशा दाखवतो. तपासणारा त्या दिशेला पडद्यावर बोट सरकवतो. अक्षरओळख लागत नाही, भाषा लागत नाही, आणि मुख्य म्हणजे दिशा दर वेळी बदलते. पाठ करायला काही उरतच नाही. शिवाय तपासणाऱ्याने पडदा पाहण्याचीही गरज नाही, त्यामुळे तो नकळत उत्तर सुचवत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या ॲपचे निकाल भिंतीवरच्या नेहमीच्या तक्त्यांशी जुळले.

खरी शिकवण मिळाली ती पुढच्या अभ्यासात. केनियातीलच पन्नास शाळा घेतल्या. पंचवीस शाळांत शिक्षकांनी फोनवर तपासणी केली, पंचवीस शाळांत नेहमीच्या कार्डावर. दोष असलेली मुले दोन्हीकडे साधारण सारख्याच प्रमाणात सापडली. फरक पडला तो पुढे. फोनच्या शाळांत मुलाला जग कसे धूसर दिसते याचे चित्र पालकांसाठी पाठवले जाई आणि पालकांना मोबाइलवर आठवणीचे संदेश जात. तिथली ५४ टक्के मुले प्रत्यक्ष रुग्णालयात पोचली. कागदी चिठ्ठी दिलेल्या शाळांतली २२ टक्केच. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणजे फोनने डोळा जास्त चांगला तपासला असे नाही. त्याने आईवडिलांना मुलाच्या डोळ्याने पाहायला लावले आणि विसरू दिले नाही.

मात्र हाही मंत्र सगळीकडे चालत नाही. हैदराबाद परिसरातील शाळांत याच पद्धतीची चित्रे आणि संदेश वापरून मुले चष्मा अधिक नेमाने लावतात का, हे पाहिले गेले. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. त्याआधी पुणे जिल्ह्यातील ग्रामीण शाळांत डॉ. परीक्षित गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले तेव्हा चष्मे मिळालेल्या दहा मुलांपैकी जेमतेम तीन मुलांच्या डोळ्यांवर चष्मा होता. का, ते आपल्याला ठाऊक आहे. वर्गात 'चष्मिस' म्हणून हाक मारतात. मुलीच्या आईला वाटते, लग्नात अडचण येईल. घरातले वडीलधारे म्हणतात, "आमच्या काळी कुठे होते चष्मे?" या तिन्ही गोष्टींवर ॲप नाही. त्यावर औषध आपल्या जिभेवर आहे.

पडद्याचा फोटो

तिसऱ्या प्रकारात फोन डोळ्याच्या आतल्या पडद्याचा, म्हणजे दृष्टिपटलाचा फोटो काढतो. याची गरज कोणाला? मधुमेहींना. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीप्रमाणे देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आपल्या इंदुरात गोडाधोडाची आणि शेव-फरसाणाची श्रीमंती सांगायला नको. मधुमेहाने पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात, आणि बराच काळ रुग्णाला काहीच जाणवत नाही. तक्ता ६/६ वाचला जातो, आत मात्र गळती चालू.

मुंबईत महानगरपालिकेच्या दवाखान्यांत डॉ. एस. नटराजन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. बंगळुरूच्या एका कंपनीने बनवलेला फोनवरचा कॅमेरा आणि फोनमध्येच, इंटरनेटशिवाय चालणारी कृत्रिम बुद्धिमत्ता. आरोग्यसेविकेने फोटो काढायचा, फोनने तिथल्या तिथे सांगायचे की तज्ज्ञाकडे पाठवा की नको. २३१ मधुमेही तपासले. तज्ज्ञाकडे पाठवण्याची खरोखर गरज असलेला एकही रुग्ण यंत्राने सोडला नाही. ज्यांना गरज नव्हती त्यांच्यापैकी शंभरी अकरा-बारा जणांना मात्र 'जा' म्हटले. असे रुग्ण या अभ्यासात थोडेच होते, म्हणून या शंभर टक्क्यांवर लगेच आरती ओवाळू नये. पण दिशा योग्य आहे. चाळणीचे काम खडा जाऊ न देणे हे आहे. चार दाणे वर राहिले तर हाताने निवडता येतात.

बगळी की पताका?

आतापर्यंत डोळ्याविषयी बोललो. आता पाहण्याविषयी. डोळा कॅमेरा असेल, पण पाहणे ही कॅमेऱ्याची कृती नाही.

माझे घर जैन. आमच्याकडे स्वाध्याय, म्हणजे शास्त्रवाचन, हे नित्यकर्म मानतात. तत्त्वार्थसूत्रात इंद्रियांनी होणाऱ्या ज्ञानाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. पूज्यपादांच्या टीकेतला दाखला सोपा आहे. दूर काही पांढरे दिसले, हा अवग्रह. ही बगळी की पताका, असा शोध म्हणजे ईहा. पंख हलले, वर उडाली, तेव्हा बगळीच असा निश्चय म्हणजे अवाय. पुढे कधीही ती आठवेल असा ठसा म्हणजे धारणा. आजचे शास्त्र आणि ते शास्त्र एकच आहेत असा माझा दावा नाही. पण दृष्टीच्या तपासणीत कोणती पायरी तपासली जाते आणि कोणती राहून जाते, हे समजायला ही चार नावे मला फार उपयोगी पडतात.

आपली लिपीच घ्या. 'दिवा' या शब्दात डोळ्याला आधी वेलांटी दिसते आणि मग 'द'. जीभ मात्र आधी 'द' म्हणते आणि मग 'इ'. मेंदू हा क्रम क्षणात उलटवतो. अनुस्वार वर, उकार खाली, जोडाक्षर मध्ये, आणि सगळ्यांवर शिरोरेषा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंह आणि सहकाऱ्यांनी देवनागरी वाचताना मेंदूचे चित्रण केले, तेव्हा अक्षरांची मांडणी उलगडणारे उजव्या बाजूचे भागही कामाला लागलेले दिसले. एकेकटे अक्षर ओळखणे आणि दाटीतले अक्षर ओळखणे यात मोठा फरक आहे. ज्याला आपण आळशी डोळा म्हणतो, त्या डोळ्याला एकटे 'म' दिसते. 'भ' आणि 'न' यांच्यामध्ये अडकलेले 'म' दिसत नाही. म्हणून तपासणीचे चांगले ॲप अक्षराभोवती चौकट किंवा शेजारी रेघा काढते. ती सजावट नव्हे, मुद्दाम केलेली गर्दी असते.

आणि आता धारणेकडे येतो, कारण आपल्या घरांत खरी फसगत तिथे होते. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींविषयी त्यांचा मुलगा खात्रीने सांगायचा, "आईचे डोळे ठणठणीत आहेत. रोज पोथी वाचते." एके दिवशी नातवाच्या लक्षात आले की आजीने पान उलटलेच नाही, तरी वाचन पुढे चालू आहे. चाळीस वर्षे रोज वाचलेला मजकूर. ओठ वाचत होते, डोळे नुसते पानावर होते. मी वर्तमानपत्रातली साधी बातमी पुढे धरली. त्यांना मथळ्यापलीकडे काही वाचता आले नाही. रुग्णालयात एका डोळ्यात मोतीबिंदू निघाला, दुसऱ्यात बराच पुढे गेलेला काचबिंदू. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर एका डोळ्याने त्या आज पुन्हा वाचतात. दुसऱ्याची गेलेली नजर परत आली नाही. काचबिंदूत ती येत नसते.

अवग्रह क्षीण झाला होता आणि धारणा त्याची जागा भरून काढत होती. पाठांतर हा आपल्या परंपरेचा अभिमान आहे. हरिपाठ असो, मनाचे श्लोक असोत किंवा भक्तामर. पण तेच पाठांतर मंद होत जाणाऱ्या नजरेवर पांघरूण घालते. घरातले समजतात, वाचते आहे. वाचणाऱ्यालाही पुष्कळदा वाटते, वाचतोच आहे. दर वेळी अक्षर बदलणाऱ्या फोनचे मला मोल वाटते ते याचसाठी. तो पाठांतराला फसत नाही.

६/६ येऊनही जे सुटते

फोनने ६/६ दाखवले म्हणजे डोळे निरोगी, असे मानणे हा या साधनाचा सर्वांत मोठा धोका आहे. चार गोष्टी त्याच्या चाळणीतून निसटतात.

पहिली, काचबिंदू. तो बाजूची नजर खातो, मधली शेवटपर्यंत ठेवतो. तक्त्याला मधली नजरच लागते. बाजूची नजर मोजण्याची साधनेही आता टॅबलेटवर आणि डोळ्यांवर चढवायच्या चष्म्यांत आली आहेत. पण डोळ्यातला दाब मोजणे आणि मागची नस पाहणे हे तज्ज्ञाचेच काम. चाळिशी लागली की नुसती 'चाळिशी' घेऊन येऊ नका, दाबही मोजून या. घरात कोणाला काचबिंदू असेल तर भावंडांनी आणि मुलांनी हे अवश्य करावे.

दुसरी, फिके ओळखण्याची शक्ती. अरुंधतीचा धडा आठवा. सुरुवातीच्या मोतीबिंदूत काळे-पांढरे अक्षर नीट वाचले जाते. पण संध्याकाळी राखाडी पायरी दिसत नाही, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याने सगळे पांढरे होते, पिवळट कागदावरची जुनी छपाई पुसल्यासारखी वाटते. घरातले म्हातारे माणूस जिन्यावर अडखळू लागले तर गुडघ्याइतकाच डोळ्याचा संशय घ्या.

तिसरी, पडद्याच्या मध्यबिंदूचा विकार. यासाठी फोनही नको. मुलांची गणिताची चौकटीची वही घ्या, मध्ये एक ठिपका काढा. वाचायचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, हातभर अंतरावरून ठिपक्याकडे पाहा. रेघा वाकड्या दिसल्या, कुठे चौकट गळून गेली, तर लवकर तज्ज्ञाकडे जा. स्वित्झर्लंडचे डॉ. मार्क अ‍ॅम्सलर यांनी रूढ केलेली ही युक्ती आजही जगभर वापरतात.

चौथी, मधुमेह; त्याविषयी बोललोच. वर्षातून एकदा पडद्याची तपासणी, दिसत असो वा नसो.

आणि काही वेळी फोन हातात घेण्यातही वेळ घालवू नये. अचानक नजर जाणे, डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखे होणे, विजेसारखे चमकणे आणि काळ्या ठिपक्यांचा वर्षाव, लाल दुखरा डोळा, एकाची दोन दिसणे : त्याच दिवशी रुग्णालय. बाळाच्या फ्लॅशच्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पुन्हा पुन्हा पांढरी दिसत असेल, तर तो फोटो घेऊन लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जा. क्वचित ती पडद्यातील कर्करोगाची पहिली खूण असते.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे, म्हणून एक गोष्ट माझ्याच तोंडून ऐका. मोतीबिंदू विरघळवणारी गोळी नाही, थेंब नाहीत. माझ्या शास्त्रात नाहीत आणि दुसऱ्या कुठल्याही नाहीत. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील लोकांच्या अंधत्वात ६६ टक्के वाटा मोतीबिंदूचा निघाला. शस्त्रक्रियेने जाणारे आंधळेपण थेंबांच्या आशेवर सांभाळत बसणे हे मला सहन होत नाही.

घरातली तपासणी

आता प्रत्यक्ष. जागतिक आरोग्य संघटनेचे 'हूआईज' हे मोफत ॲप आहे, 'पीक' आहे. कोणतेही घ्या, पण रीत पाळा. अंतर टेपने मोजा. दोन मीटर म्हणजे दोन मीटर. पडद्याचा उजेड पूर्ण ठेवा, आपोआप कमी-जास्त होणारी सोय बंद करा. मागे खिडकी नको. लांबचा चष्मा असेल तर लावूनच तपासा. एका वेळी एक डोळा. तो तळहाताने झाका, बोटांनी नव्हे, कारण मुले फटीतून पाहतात. डोळा दाबू नका. चुकले तर रागावू नका, 'नीट बघ' म्हणू नका. ही परीक्षा नव्हे.

एक डोळा, एक डोळा हे मी पुन्हा सांगतो. मुलाचा एक डोळा चांगला असेल तर दुसरा जन्मभर कमजोर राहिला तरी त्याला कळत नाही, कारण दोन डोळ्यांनी पाहणे म्हणजे काय हे त्याने अनुभवलेलेच नसते. आळशी डोळ्यावर उपचार जितक्या लवकर तितका चांगला. सात-आठ वर्षांपर्यंतचा काळ मोलाचा. म्हणून शाळेत घालण्याआधी एकदा तज्ज्ञाला दाखवाच.

निकाल वहीत लिहा : तारीख, उजवा, डावा. दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक, किंवा सहा महिन्यांत घसरण, हा तज्ज्ञाकडे जाण्याचा निरोप समजा. आणि केनियातली शिकवण विसरू नका. तपासणी करणारा घरात एक असो, रुग्णालयात घेऊन जाणारा दुसरा आधीच ठरवा. घरातला आकडा तेवढ्यानेच कामाला येतो.

सभेपुढे एक सूचना

शेवटी एक मागणे आहे, आणि ते डॉक्टरांकडे नाही, साहित्यिकांकडे आहे.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन लेग आणि सहकाऱ्यांनी वाचनाचा एक तक्ता केला. त्यात सुटी अक्षरे नाहीत, वाक्ये आहेत. प्रत्येक वाक्य सारख्याच लांबीचे, शब्द रोजच्या वापरातले, टाइप मात्र ओळीमागून ओळ बारीक होत जाणारा. माणूस कोणत्या आकारापर्यंत सहज वेगाने वाचतो आणि कुठे अडखळू लागतो, हे त्यातून कळते. आज तो टॅबलेटवरही मिळतो. वाचणाऱ्याला नेमके हेच हवे असते. सहा मीटरवरचे अक्षर नव्हे, मांडीवरचे पुस्तक.

आपल्या सभेने असे मराठी वाक्यांचे कार्ड करावे. हे काम सोपे नाही. वाक्ये सारख्या लांबीची हवीत, जोडाक्षरे आणि अनुस्वार सगळीकडे सारख्या प्रमाणात हवेत. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व' यांची परीक्षा व्हावी, पण अडवणूक होऊ नये. म्हण नको, अभंगाची ओळ नको, सुविचार नको, कारण तिथे पुन्हा धारणा वाचू लागेल. पुढचा शब्द ओळखता येणार नाही असे साधे, निरुपद्रवी, तरी शुद्ध मराठी वाक्य लिहिणे म्हणजे काय, ते लिहिणाऱ्यांनाच कळेल. एखादा नेत्रतज्ज्ञ मोजमाप पाहील, एखादा मुद्रक टाइप सांभाळील. वाक्यांचे चार-पाच संच करावेत, म्हणजे कार्ड पाठ होणार नाही. ग्रंथालयाच्या टेबलावर ते ठेवावे. पुस्तक बदलायला आलेल्या वाचकाने दोन मिनिटे वाचून पाहावे. जो अडखळेल त्याला ग्रंथपालांनी एवढेच म्हणावे, "काका, डोळे दाखवून या, मग पुढचा भाग देतो."

राजेंद्रनगरपासून रामबागेपर्यंत आपली जी घरे आहेत, त्यांत कोणी ना कोणी 'हल्ली वाचायचा कंटाळा येतो' म्हणून पुस्तक मिटून ठेवले आहे. त्यातल्या काहींना खरोखर कंटाळा आला असेल. बाकीच्यांना दिसत नाही, आणि त्यांनी ते कोणाला सांगितलेले नाही. ही पुस्तिका तुमच्या घरी येईल तेव्हा कृपा करून तिचे कोणतेही पान उघडा, ते त्यांच्या हाती द्या आणि म्हणा, "जरा वाचून दाखवा ना." हे पान कोणाचेच पाठ नाही.